पीण्यातून परदेशी विद्यापीठाकडे : निघण्यापूर्वीची व्यवहारी तयारी

प्रास्ताविक

पुण्याहून बेंगळुरूला जाणारा महामार्ग सातारा, कोल्हापूर, निपाणी, बेळगाव, हुबळी, दावणगेरे, चित्रदुर्ग, तुमकूर करत शेवटी पीण्यातून शहरात शिरतो. या रस्त्यावरच्या गावांतली अनेक मुले डिप्लोमा किंवा बीई झाल्यावर पीण्यातल्या एखाद्या शेडमध्ये पहिली नोकरी धरतात. दोन वर्षे सीएनसीवर काम करून काहींना पुढे शिकावेसे वाटते आणि मशिन टूल, उत्पादन अभियांत्रिकी या विषयांमुळे जर्मनीचे नाव निघते.

प्रवेश कसा मिळवावा यावर माहिती भरपूर मिळते. पण प्रवेशपत्र हातात आल्यावर विद्यार्थी अडतो तो वेगळ्याच गोष्टींत. अनुभवपत्र ग्राह्य धरले जात नाही, गुणपत्रिकेवरचे नाव पासपोर्टशी जुळत नाही, वडिलांची शेड आधीच बँकेकडे गहाण असते. या पाठात आपण हे व्यवहारी प्रश्न क्रमाने पाहणार आहोत. उदाहरण पीण्याचे आणि जर्मनीचे असले तरी भोसरी, चाकण, गोकुळ शिरगाव किंवा बेळगावच्या उद्यमबागेतल्या विद्यार्थ्यालाही ते लागू पडेल. शुल्क आणि नियम बदलत असतात. म्हणून इथला प्रत्येक आकडा अर्ज भरताना संबंधित अधिकृत संकेतस्थळावर पुन्हा पाहून घ्या.

पाठाची उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यावर तुम्हाला पुढील गोष्टी करता याव्यात :
१) कारखान्यातल्या कामाची विद्यापीठाला चालेल अशी नोंद तयार करणे.
२) आपल्या गुणांचे जर्मन श्रेणीत रूपांतर करणे.
३) दाखवायचा पैसा, पाठवायचा पैसा आणि फेडायचा पैसा यांचा वेगवेगळा हिशेब मांडणे.
४) पोहोचल्यानंतरच्या पहिल्या महिन्यातील कामांचा क्रम ठरवणे.

१. कामाचा पुरावा

पीण्या हे मोठ्या कंपन्यांपेक्षा लहान कारखान्यांचे क्षेत्र आहे. टर्निंग, मिलिंग, ग्राइंडिंग, प्रेसकाम, हीट ट्रीटमेंट, पावडर कोटिंग असे एकेक काम करणाऱ्या शेड इथे शेजारी शेजारी आहेत. एकच जॉब चार शेड फिरून पूर्ण होतो. शिकणाऱ्यासाठी ही फार चांगली जागा आहे. अडचण एकच : कामाची लेखी नोंद बऱ्याचदा राहत नाही.

जर्मनीत यंत्र अभियांत्रिकीच्या अनेक अभ्यासक्रमांना ‘फोरप्राक्टिकुम’ लागते, म्हणजे शिक्षण सुरू होण्यापूर्वी कारखान्यात काही आठवडे केलेले मूलभूत काम. काही विद्यापीठे पदव्युत्तर प्रवेशासाठीही कारखान्यातील कामाचा दाखला मागतात. धातू कापणे, जोडणे, आकार देणे, ओतकाम, उष्णतोपचार, मोजमाप अशा गटांत त्यांनी कामाची विभागणी केलेली असते आणि प्रत्येक गटासाठी आठवडे ठरवलेले असतात. आपल्या विभागाची नियमावली आधी वाचा.

आता दोन दाखले पाहा.

पहिला : ‘सदर उमेदवार आमच्याकडे एक वर्ष ट्रेनी म्हणून कार्यरत होता. त्याची वर्तणूक चांगली होती.’

दुसरा : ‘सदर उमेदवाराने आमच्याकडे अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत, आठवड्याला ४८ तास काम केले. त्यात ४ आठवडे लेथवर टर्निंग व थ्रेडिंग, ४ आठवडे मिलिंग, २ आठवडे सरफेस ग्राइंडिंग आणि २ आठवडे मायक्रोमीटर, बोअर गेज व हाइट गेजने तपासणी. या काळात रजा ३ दिवस.’

पहिल्या दाखल्यावरून तपासणाऱ्याला काहीच ठरवता येत नाही. दुसऱ्यावरून तो आठवडे मोजू शकतो. दुसऱ्या प्रकारचा दाखला कंपनीच्या छापील कागदावर, जीएसटी क्रमांक, सही, शिक्का आणि सही करणाऱ्याचे पद यांसह घ्या. सोबत दर आठवड्याला एक पान याप्रमाणे कामाची वही ठेवा : कोणता जॉब, कोणते मशिन, कोणते टूल, किती टॉलरन्स, काय चुकले. ग्राहकाचे ड्रॉइंग मात्र त्यात लावू नका, ती कंपनीची मालमत्ता असते. हवी तर स्वतःच्या हाताने साधी आकृती काढा.

पगार रोखीने मिळत असेल आणि भविष्य निर्वाह निधी कापला जात नसेल, तर तुम्ही तिथे काम केल्याचा स्वतंत्र पुरावा उरत नाही. म्हणून पगार बँक खात्यात द्या, अशी विनंती मालकाला सुरुवातीलाच करा. नोकरी सोडताना हे जमत नाही. दुसरा चांगला मार्ग शिकाऊ उमेदवारीचा. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली नोंदणी करून एक वर्ष काम केलेल्या पदवीधर व पदविकाधारकांना सरकारी प्रमाणपत्र मिळते. कर्नाटकाचे काम चेन्नईच्या, तर महाराष्ट्र व गोव्याचे काम मुंबईच्या शिकाऊ उमेदवारी प्रशिक्षण मंडळाकडे आहे.

२. नाव, गुणपत्रिका आणि एपीएस

सीमाभागातल्या मराठी विद्यार्थ्यांना नावाची अडचण हमखास येते. महाराष्ट्र मंडळाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचे आणि वडिलांचे नाव असते. कर्नाटकातल्या कागदांवर पुष्कळदा नाव आणि पुढेमागे आद्याक्षरे असतात. पासपोर्टवर ‘आडनाव’ आणि ‘दिलेले नाव’ असे दोनच रकाने. दहावी निपाणीत, डिप्लोमा कोल्हापुरात आणि बीई बेंगळुरूत झालेल्या मुलाची तीन कागदांवर तीन नावे असू शकतात.

उपाय असा : पासपोर्ट हा मूळ कागद धरा. पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असेल तर आधी तो दुरुस्त करून घ्या, कारण पुढे व्हिसा, बँक खाते, विमा सगळे त्यावरूनच बनते. उरलेल्या फरकांसाठी ‘ही सर्व नावे एकाच व्यक्तीची’ असे प्रतिज्ञापत्र करा. पदवी प्रमाणपत्रातच स्पेलिंग चुकले असेल तर प्रतिज्ञापत्रावर भागवू नका, विद्यापीठाकडून दुरुस्त करून घ्या. त्याला महिने लागतात.

१ नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना जर्मन विद्यार्थी-व्हिसासाठी एपीएस प्रमाणपत्र लागते. दिल्लीतील हे कार्यालय तुमची शैक्षणिक कागदपत्रे खरी आहेत का आणि ती जर्मन शिक्षणाच्या अटींत बसतात का, हे तपासते. शुल्क १८,००० रुपये आहे. कागद अपुरे असतील तर अर्ज तिथेच अडकतो, म्हणून सर्व सत्रांच्या गुणपत्रिका पूर्ण जमल्यावरच अर्ज करा.

अपॉस्टिलबद्दल एक गैरसमज आहे. भारत २००५ मध्ये अपॉस्टिल करारात आला, पण जर्मनीने भारताच्या प्रवेशावर हरकत नोंदवली. त्यामुळे भारतातील अपॉस्टिल जर्मनीसाठी उपयोगाचे नाही. कोणी एजंट ‘अपॉस्टिल पॅकेज’ विकू लागला, तर आधी विद्यापीठाने ते लेखी मागितले आहे का ते पाहा.

लक्षात ठेवा : तीन वर्षांचा डिप्लोमा ही पदवी धरली जात नाही. डिप्लोमानंतर थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेऊन बीई केली असेल तर पदव्युत्तर अर्जासोबत डिप्लोमाच्या गुणपत्रिकाही जोडा, नाहीतर तुमचे पहिले वर्ष कुठे गेले असा प्रश्न येतो.

३. गुणांचे रूपांतर

जर्मन पद्धतीत १.० ही सर्वोत्तम आणि ४.० ही किमान उत्तीर्ण श्रेणी असते. परदेशी गुणांसाठी बहुतेक ठिकाणी सुधारित बव्हेरियन सूत्र वापरतात :

जर्मन श्रेणी = १ + ३ × (कमाल गुण − मिळालेले गुण) ÷ (कमाल गुण − किमान उत्तीर्ण गुण)

समजा तुमचा सीजीपीए १० पैकी ८.२ आहे आणि उत्तीर्णतेसाठी किमान ४ लागतात. मग कमाल आणि मिळालेल्या गुणांतला फरक १.८, कमाल आणि किमान गुणांतला फरक ६. भागाकार ०.३, त्याची तिप्पट ०.९. श्रेणी आली १.९.

किमान उत्तीर्ण गुण ४ ऐवजी ५ असते तर? १.८ ला ५ ने भागून ०.३६, तिप्पट १.०८, श्रेणी २.१ च्या जवळ. म्हणजे तेच गुण, पण श्रेणी बदलली. अनेक अभ्यासक्रमांची अट २.५ ची असते, तेव्हा काठावरच्या विद्यार्थ्याला हा फरक महत्त्वाचा ठरतो. म्हणून किमान उत्तीर्ण गुण किती, हे ट्रान्सक्रिप्टवर छापलेले आहे का ते पाहा. नसेल तर विद्यापीठाकडून वेगळे पत्र घ्या.

श्रेणीबरोबर विषयांची बेरीजही पाहिली जाते. गणित, यांत्रिकी, उष्मागतिकी अशा प्रत्येक गटात ठरावीक युरोपीय क्रेडिट हवेत अशी अट असते. एक क्रेडिट म्हणजे २५ ते ३० तासांचा अभ्यास. तुमच्या विषयांची ही मोजणी अभ्यासक्रमपत्रिकेवरून होते, म्हणून तुमच्या बॅचला लागू असलेला अभ्यासक्रम आजच उतरवून ठेवा.

४. पैसा : तीन वेगळे प्रश्न

अ) दाखवायचा पैसा. व्हिसासाठी एका वर्षाच्या खर्चाची सोय दाखवावी लागते. बहुतेक विद्यार्थी ‘श्पेरकोन्टो’ म्हणजे बंदिस्त खाते उघडतात. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम ११,९०४ युरो आहे. पोहोचल्यावर त्यातून दरमहा ९९२ युरो मिळतात.

शिकवणी शुल्क यात धरलेले नाही. बहुतेक सरकारी विद्यापीठांत ते नसते, फक्त सत्राचे थोडे अंशदान असते. पण बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो द्यावे लागतात, आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने २०२४-२५ च्या हिवाळी सत्रापासून पदव्युत्तर वर्गांना सत्राला ४,००० ते ६,००० युरो शुल्क लावले आहे. खासगी संस्थांचे शुल्क याहून वेगळे असते. ‘आमची सेवा मोफत’ म्हणणाऱ्या सल्लागाराने फक्त खासगी संस्थांचीच यादी दिली, तर त्याला पैसे कोण देतो हे विचारा.

ब) पाठवायचा पैसा. रिझर्व्ह बँकेच्या योजनेत एका व्यक्तीला आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते. १ एप्रिल २०२५ पासून एका पॅनवर वर्षाला १० लाख रुपयांपर्यंतच्या रकमेवर टीसीएस लागत नाही. हिशेबाच्या सोयीसाठी १ युरो म्हणजे १०० रुपये धरू. ११,९०४ युरोंचे ११,९०,४०० रुपये होतात. म्हणजे वडिलांच्या एकाच खात्यातून सगळी रक्कम गेली तर १,९०,४०० रुपयांवर टीसीएस लागेल. दर त्या वर्षीचा बँकेकडून पाहून घ्या. हा कर बुडत नाही, विवरणपत्र भरल्यावर जमा धरला जातो. पण ऐन निघण्याच्या वेळी तेवढे पैसे अडकतात. आयकर कायद्याच्या ८०ई कलमात बसणाऱ्या संस्थेच्या शैक्षणिक कर्जातून पैसे गेले तर टीसीएस लागत नाही.

क) फेडायचा पैसा. हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारला जातो आणि घराला सर्वांत जास्त लागतो.

साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला सरकारी बँका साधारणपणे तारण मागत नाहीत. परदेशी शिक्षणाला बहुधा त्याहून जास्त लागतात आणि तिथे मालमत्ता पुढे येते. घरची शेड पीण्यात असेल तर दोन गोष्टी तपासा. पहिली, जागा कोणाची? कर्नाटक औद्योगिक क्षेत्र विकास मंडळाचे भूखंड ‘लीज-कम-सेल’ पद्धतीने दिले जातात. विक्रीखत होण्याआधी गहाण टाकायचे तर मंडळाचे ना-हरकत पत्र लागते. महाराष्ट्रात एमआयडीसीच्या भाडेपट्ट्याच्या भूखंडालाही असेच पत्र लागते. दुसरी, ती शेड आधीच कॅश क्रेडिटसाठी गहाण आहे का? लहान कारखान्यात बहुधा असते. जॉबवर्कचे बिल तीन महिन्यांनी येते, तोवर कच्चा माल आणि पगार याच कॅश क्रेडिटवर चालतात. तीच मालमत्ता तुमच्या कर्जालाही जोडली, तर तुमचा एखादा हप्ता चुकल्यावर मशिन चालू ठेवण्याचे भांडवलही अडचणीत येऊ शकते.

म्हणून सही करण्यापूर्वी आईवडिलांबरोबर बसून पुढचा हिशेब कागदावर मांडा. समजा १५ लाख कर्ज, सरळव्याज १० टक्के, शिक्षण आणि सवलतीचा काळ मिळून अडीच वर्षे, आणि सगळी रक्कम सुरुवातीलाच उचलली. व्याज ३.७५ लाख, म्हणजे हप्ते सुरू होताना देणे १८.७५ लाख. ते दहा वर्षांत फेडायचे तर हप्ता साधारण २४,८०० रुपये. आता प्रश्न असा विचारा : परत आल्यावर सहा महिने नोकरी मिळाली नाही तर हा हप्ता शेडच्या उत्पन्नातून निघेल का? उत्तर ‘नाही’ असेल तर जायचे नाही असा त्याचा अर्थ नाही. रक्कम कमी करा, आणखी एक वर्ष काम करून बचत करा, किंवा शुल्क नसलेले विद्यापीठ निवडा.

शिष्यवृत्तीत अधिवासाची अट पाहा. महाराष्ट्र शासनाच्या राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्तीत अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी ७५ जागा आहेत, पण विद्यार्थी महाराष्ट्राचा रहिवासी हवा. बेळगाव-निपाणीच्या मराठी विद्यार्थ्याने कर्नाटक सरकारच्या योजना आणि केंद्राची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती पाहावी. पीएम-विद्यालक्ष्मी योजना भारतातील संस्थांसाठीच आहे.

५. व्हिसा

अर्ज राहत्या ठिकाणानुसार करायचा असतो. कर्नाटक आणि केरळ बेंगळुरूच्या जर्मन वाणिज्य दूतावासाकडे, महाराष्ट्र आणि गोवा मुंबईकडे. पासपोर्टवर कोल्हापूरचा पत्ता आणि राहणे पीण्याच्या पीजीमध्ये असेल, तर बेंगळुरूत राहत असल्याचा पुरावा लागतो. पीजीचा मालक बहुधा भाडेकरार करून देत नाही, तेव्हा हे आधीच ठरवा.

राष्ट्रीय व्हिसाचे शुल्क ७५ युरो आहे. पूर्वी नकार आल्यास दूतावासाकडेच फेरविचाराचा अर्ज करता येई. ती सोय १ जुलै २०२५ पासून बंद झाली. आता नव्याने अर्ज करणे किंवा बर्लिनच्या न्यायालयात जाणे हेच मार्ग उरतात. त्यामुळे पहिला अर्जच पूर्ण असायला हवा. दोन वर्षे नोकरीत गेली असतील तर प्रेरणापत्रात ती लपवू नका. पीण्यात ग्राइंडिंगवर काम करताना कोणता प्रश्न पडला आणि तो या अभ्यासक्रमात कसा सुटेल, एवढे सरळ लिहिले तरी पुरते.

६. पोहोचल्यानंतरचा पहिला महिना

कामांचा क्रम असा ठेवा :

१) घर. विद्यार्थी वसतिगृहासाठी प्रवेशपत्र मिळताच अर्ज करा. अनामत जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकी घेता येते. करार हाती येण्यापूर्वी पैसे पाठवू नका.
२) पत्त्याची नोंद, म्हणजे ‘अनमेल्डुंग’. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नगर कार्यालयात करायची. त्यासाठी घरमालकाचे लेखी पत्र लागते, ते देणार का हे करारापूर्वी विचारा.
३) आरोग्य विमा. तीस वर्षांखालील विद्यार्थ्यांना सरकारी विमा मिळतो, महिन्याला साधारण १४० ते १५० युरो. भारतातून घेतलेला प्रवास विमा याची जागा घेत नाही.
४) बँक खाते. ते उघडल्यावरच बंदिस्त खात्यातले पैसे सुरू होतात. तोवरचा खर्च आणि घराची अनामत ही रक्कम ११,९०४ युरोंपेक्षा वेगळी जवळ हवी. पहिल्या महिन्यात विद्यार्थी इथेच अडतात.
५) निवास परवाना. व्हिसाची मुदत संपण्यापूर्वी परदेशी नागरिक कार्यालयाची वेळ घ्या.

घरटी १८.३६ युरो मासिक प्रसारण शुल्काचे पत्र येईल. ते फसवे नाही. एका घरात चौघे राहत असतील तर शुल्क एकच भरायचे.

मार्च २०२४ पासून विद्यार्थ्यांना वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येते. जानेवारी २०२६ पासून किमान वेतन तासाला १३.९० युरो आणि ‘मिनीजॉब’ची मर्यादा महिन्याला ६०३ युरो आहे, म्हणजे महिन्याला साधारण ४३ तास. यातून खर्चाचा काही भाग निघतो, सगळा नाही. पदवी मिळाल्यावर नोकरी शोधण्यासाठी १८ महिन्यांचा परवाना मिळतो.

भारतातले कामही विसरू नका. परकीय चलन नियमांनुसार परदेशी शिकायला गेलेला विद्यार्थी अनिवासी धरला जातो, म्हणून पगाराचे बचत खाते एनआरओ करून घ्या. परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर नोंद करा. तिथला आपत्कालीन क्रमांक ११२ आहे.

७. वेळापत्रक

ऑक्टोबरमध्ये हिवाळी सत्र सुरू होते असे धरून मागे मोजा.

• आदल्या वर्षीचा जुलै ते सप्टेंबर : पासपोर्ट व नावाची दुरुस्ती, ट्रान्सक्रिप्ट, भाषेची परीक्षा.
• ऑक्टोबर ते डिसेंबर : एपीएस अर्ज, कामाची वही व दाखला पूर्ण करणे.
• जानेवारी ते जुलै : विद्यापीठांचे अर्ज. अनेक ठिकाणी अखेरची तारीख १५ जुलै असते, पण परदेशी विद्यार्थ्यांसाठी ती कित्येकदा बरीच आधी येते.
• प्रवेशपत्र मिळताच : कर्ज, बंदिस्त खाते, व्हिसा आणि वसतिगृह, चारही एकदम.

सारांश

परदेशी जाण्याची तयारी म्हणजे बव्हंशी नोंदींची तयारी. कारखान्यात शिकलेले काम आठवडे आणि तासांत लिहून ठेवले तर ते विद्यापीठात मोजले जाते. नाव एकच असेल तर कागद अडत नाहीत. आणि कर्जाचा हप्ता आधीच मांडला तर घरच्या शेडवर काय ओझे येणार, ते सही करण्यापूर्वी सगळ्यांना कळते.

स्वाध्याय

१) तुमच्या सध्याच्या किंवा इंटर्नशिपच्या कामाचा एका आठवड्याचा अहवाल एका पानात लिहा.
२) सीजीपीए ७.४, कमाल १०, किमान उत्तीर्ण ४. जर्मन श्रेणी काढा. (उत्तर : २.३)
३) दहावीपासून आजपर्यंतच्या प्रत्येक कागदावर तुमचे नाव जसे छापले आहे तसे एका यादीत लिहा आणि पासपोर्टशी ताडून पाहा.
४) दरमहा ९९२ युरोंतून विमा १४५, खोली ४५० आणि प्रसारण शुल्क वजा केल्यावर किती उरतात? त्यात जेवण, प्रवास आणि फोन बसवून दाखवा.
५) तुमच्या घरी तारण ठेवता येईल अशी मालमत्ता आहे का, आणि ती आधी कशासाठी गहाण आहे, हे घरच्यांना विचारा. चर्चेतून काय ठरले ते पाच ओळींत लिहा.